जुन्या मालाला नवा भाव

"हे नव्या भावाचे स्टिकर मी नाय लावनार, शेठ!" मी रोल काउंटरवर आपटला.

नेरूळमधल्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात चार ग्राफिक्स कार्डं शिल्लक होती. महिनाभरापूर्वी आलेली, जुन्या भावाची. सकाळी डीलरच्या ग्रुपवर मेसेज पडला की कार्डात लागणारी मेमरी महागली, आता नवा माल वाढीव भावाने येणार. येणारा माल! पण नंदकिशोर शेठनी कपाटातल्या कार्डांचेही पंचवीसचे एकतीस हजार करून टाकले. कार्ड तेच, खोकं तेच, वरची धूळसुद्धा तीच.

"रंजिता, डोकं नको खाऊ. सगळं मार्केट तेच करतंय."

"करू दे. पन काल हादियाला फोनवर तुमच्यासमोर सांगितलंय मी. कार्ड ठेवलंय, भाव तोच."

"मग संपलं म्हणून सांग. नायतर एकतीसला दे, आणि सोबत तो कीबोर्ड खपव."

तो कीबोर्ड कुणी फुकट नेईना! या माणसाला जनाची नाही, निदान मनाची तरी? माझी आई सारसोळ्याची, जन्मभर मासळी विकली तिने. एकदा भाव ठरला की मागून आलेलं गिऱ्हाईक दुप्पट देत असलं तरी तो वाटा दुसऱ्याला द्यायची नाही.

तेवढ्यात हादिया आलीच, खारघरहून. ही पोरगी ऑनलाइन गेम खेळून कॉलेजची फी काढते. तिचं जुनं कार्ड जळलेलं आणि रविवारी मॅच.

"ताई, काढा माझं कार्ड!"

शेठ गोड हसले. "बेटा, रात्रीत भाव वाढले. एकतीस झालं. आमच्या हातात काय आहे?"

"सगळं तुमच्याच हातात हाय!" माझा तोल सुटला. "हादिया, जुन्या भावाचा माल हाय हा. एक रुपाया जास्त नको देऊ."

शेठ शरमले असते तरी मी गप्प बसले असते. पण ते थंडपणे म्हणाले, "पर्स उचल. उद्यापासून येऊ नको."

मी पर्स उचलली. हादिया आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने मोबाईल काढला.

"अंकल, एकतीस घ्या. कीबोर्ड पण द्या. पण ताईंना काढू नका."

"येडी झालीस काय गं?"

"असू दे ना ताई. दुसरीकडे पण आता एवढेच लागणार. तुमी कुठे जाल?"

"बघ, किती समजूतदार पोरगी!" शेठ म्हणाले. "चल, बिल बनव."

मी बिल बनवलं. शेठवर तर राग होताच, त्याहून जास्त माझा स्वतःचा आला. तिला वाचवायला निघाले होते, आणि तिनेच पदरचे पैसे मोजून मला पुन्हा काउंटरवर बसवलं होतं. जाताना ती हसली. मला मान वर करवेना.

फोन वाजला. कुणीतरी पोरगा होता. "मॅडम, कार्ड आहे का? काय भाव?"

"कार्ड हाय," मी म्हणाले. "भाव दुकानात येऊन शेठना विचारा. माझ्या शब्दावर येऊ नका."