बाकावरचं नाव

मंगेश पेंटरनं सिमेंटच्या बाकावर खडूनं रेघ आखली आणि ब्रश रंगात बुडवला.

"नाव काय टाकू, काका?"

"हर्षदच्या आईच्या स्मरणार्थ," सहदेव म्हणाला.

"हर्षद कोन, ते उतारूंना काय ठावं? बाईंचं नाव सांगा."

सहदेवनं चष्मा काढून पुसला. आंबेनळीच्या बाजूनं एस.टी. आली, थांब्यावर कोणी चढणारं नाही बघून तशीच पोलादपूरला गेली. पूर्वी इथं बाक नव्हता. सहदेव इजिप्तहून परतायचा तेव्हा हर्षदची आई इथं दगडावर बसून वाट बघायची.

दर हिवाळ्यात तो तिकडं जायचा. लक्सरजवळच्या जुन्या कारागिरांच्या थडग्यांतली, भिंतींवरची नावं वाचणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्या लोकांची समजूत अशी, की मेलेल्याचं नाव कोणी तोंडानं घेतलं की तो जगतो. सहदेवचा त्यावर विश्वास नव्हता. तरी थडग्यात शिरला की तो प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायचा. सवय लागली होती.

बायकोचं नाव मात्र त्यानं एकदाच घेतलं होतं. लग्नात, घास भरवताना, बायका सोडेनात म्हणून. पुढं नुसतं 'अगो' म्हटलं की ती पडवीत यायची. वाडीत कोणताच नवरा बायकोचं नाव घेत नसे.

थडग्यांतल्या नावांची गोष्ट त्यानं तिला सांगितली, तेव्हा भाकरी थापता थापता ती हसली होती.

"तिकडच्या मढ्यांची नावं घेता, आन् माझं घ्यायला जीभ झडते? म्हंजी मला मरायलाच पायजे."

"गप गो," तो म्हणाला होता.

"काका, ब्रश सुकतोय," मंगेश म्हणाला. "नाव आठवत नाय काय?"

"आठवतं."

"मग नव्या नवऱ्यासारखं लाजताय कशाला?"

सहदेवनं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"आवडी."

"आँ?"

"आवडी," तो जरा मोठ्यानं म्हणाला.

मंगेश वाकून लिहू लागला. पहिलं अक्षर झालं, दुसरं झालं.

"आवडी," सहदेव पुन्हा म्हणाला, आणि मान वळवून वाडीकडून येणाऱ्या पायवाटेकडं बघत राहिला.

"ऐकलं, काका," मंगेश मान वर न करता म्हणाला. "तेच लिवतोय."