अर्धी प्लेट

एकोणीस वर्षांत दादानं हॉटेलात एकदाही स्वतःची प्लेट पूर्ण खाल्ली नाही, आणि त्याला कारण मी.

मी हॉटेलांवर लिहिते. कुठल्या एका मासिकाला बांधलेली नाही. जो मागेल त्याला लेख. मी कोण आहे ते हॉटेलवाल्याला कळू द्यायचं नसतं. एकटी बाई दोन पदार्थ मागवून दोन्हींतले चार-चार घास चाखायला लागली, की वेटर आत जाऊन मालकाच्या कानाला लागलाच म्हणून समजा. म्हणून सोबतीला दादा. माझा सख्खा थोरला भाऊ, धंद्यानं घड्याळजी, बोलायला कंजूस आणि हाकेसरशी हजर.

नियम सगळे माझे. मेन्यू मी वाचणार. माझी प्लेट मी ठरवणार आणि त्याचीही मीच. अर्धं खाऊन झालं की टेबलाखालून त्याच्या पायावर पाय द्यायचा, आणि वेटरची पाठ वळली की प्लेटा बदलायच्या. तेवढं काम मात्र दादाचं. चमच्याचा आवाजही न करता तो प्लेट सरकवायचा. एवढ्या वर्षांत आम्ही एकदाही पकडले गेलो नाही.

बिचारा दर वेळी मेन्यूतल्या एकाच ओळीवर बोट ठेवायचा. तळलेले बटाटे.

"दादा, बटाट्यांवर काय लिहू मी? कपाळ माझं?"

"बरं बाई," म्हणायचा आणि बोट काढून घ्यायचा. मग मी त्याच्यापुढे कलेजी, नाहीतर कसलंसं हिरवं सूप आणवायचे. तो ते मुकाट्यानं खायचा.

खाता खाता एखादं वाक्य टाकायचा. "पाव कालचा आहे, पण आजचा असल्याचा आव आणतोय." "रस्सा घाईत आहे." मी हात धुवायच्या निमित्तानं उठायचे आणि बेसिनपाशी उभी राहून ते वहीत उतरवायचे. लेख छापून आला की लोक म्हणायचे, बाईंची जीभ काय पारखी आहे! जीभ दादाची होती. माझ्या जिभेला मीठ कमी की जास्त, एवढंच कळतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेख मागणाऱ्या संपादकांना तर नाहीच नाही.

गेल्या महिन्यात दादाचं मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. डोळे घड्याळाला पुरेनासे झाले होते, आणि मुलीचं घर इथून दीड दिवसाच्या प्रवासावर. मी तोंडावर "छान झालं" म्हटलं आणि घरी येऊन भांडी आदळली. दादा गेल्यावर मी लिहिणार काय? मीठ कमी होतं म्हणून?

निघायच्या आदल्या दुपारी मी त्याला पोस्टामागच्या हॉटेलात नेलं. आमचा पहिला लेख तिथलाच. टेबलावर अजून तसलंच चौकटीचं मेणकापड होतं. तेव्हाच्या वेटरला आता टक्कल पडलं होतं आणि चालताना तो पाय ओढत होता. त्या पहिल्या दिवशी अदलाबदलीत दादाच्या बाहीला टोमॅटोचं सूप लागलं होतं आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो होतो.

"आज लेख नाही," मी म्हटलं. "तुला हवं ते मागव. अख्खी प्लेट तुझी."

त्यानं मेन्यू उघडलाही नाही. बटाटे आले. लांबट कापलेले, वर मिरपूड. दादा सावकाश खात होता आणि मी नुसती बघत होते. इतका वेळ त्याला जेवताना मी कधी बघितलंच नव्हतं. माझं लक्ष कायम वेटरकडे.

अर्धी प्लेट झाली आणि माझ्या पायावर त्याचा पाय पडला. मी वर बघेपर्यंत प्लेट माझ्यापुढे होती.

"अरे, आज नाही म्हटलं ना!"

"खा. आणि सांग."

"काय सांगू?"

"ठमे, बेसिनपाशी जाऊन तू काय लिहायचीस ते मला ठाऊक नाही होय? उद्यापासून कुणाला विचारणार आहेस?"

माझे कान तापले. मी एक बटाटा तोंडात टाकला. "चांगले आहेत."

"चांगले तर शेजारीणही म्हणेल. पुन्हा खा."

मी दुसरा खाल्ला. मग डोळे मिटून तिसरा. मीठ बरोबर होतं, म्हणजे माझी अक्कल संपली होती. दादानं घाई केली नाही. मी आणखी दोन खाल्ले.

"कडेचे कुरकुरीत आहेत," मी अडखळत म्हटलं, "आणि मधले मऊ. म्हणजे दोन घाणे आहेत. पहिला त्यानं जीव लावून तळला. दुसरा कढईत असताना त्याला कुणीतरी हाक मारली. त्याला जायचं नव्हतं, पण गेला."

दादानं चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा घातला.

"हे लिही," तो म्हणाला.

मी पिशवीतून वही काढली आणि पहिल्यांदाच टेबलावर उघडून लिहायला लागले. वेटर बघत होता. बघू दे. तेवढ्यात दादानं प्लेट आपल्याकडे ओढून घेतली आणि उरलेले सगळे बटाटे एकट्यानं संपवले.