लाराच्या वाट्याची खोली

इंग्लंडमधल्या वुल्वरहॅम्प्टनच्या त्या इस्पितळात म्हाताऱ्यांचा वॉर्ड मारिविक सांभाळायची. सांभाळायची म्हणजे कशी, तर भरल्या घरात थोरली जाऊ सांभाळते तशी. हाताखाली केरळच्या, पोलंडच्या, नायजेरियाच्या, दोघी-तिघी इथल्याच. कुणाचा रोजा आहे, कुणाच्या पोराची परीक्षा आहे, सगळं तिच्या ध्यानात. मध्यंतरी इस्पितळानं सगळ्या वॉर्डप्रमुखांना दिवसभराच्या शिकवणीला बसवलं होतं. विषय, मनात नकळत दडलेला पक्षपात. मारिविक तिथून खुशीत परतली.

"पक्षपात आपण सोसलाय गं," ती जोसेलिनला म्हणाली. "करायला सवड कुणाला आहे?"

जोसेलिन फिलिपिन्सची, तिच्याच गावाकडची. ती हसली. आपल्या पाठीवरचा तीळ आपल्याला कुठं दिसतो!

त्या दिवशी नाश्त्याच्या वेळेला कोपऱ्यातल्या खोलीत मिसेस पार्ट्रिज गेल्या. डॉक्टर बघून गेले. आता त्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, लेक यायच्या आत नीट निजवायचं. इथं हे काम नर्सचंच.

"लारा, तू जा बाई," मारिविक सवयीनं म्हणाली. "तुझ्याइतकं शांतपणे कुणाला जमत नाही."

नायजेरियाची ओमोलारा, सगळ्यांची लारा, औषधांच्या गाडीपाशी उभी होती. ती हलली नाही.

"आज नको, सिस्टर. आज मला जिवंत माणूस द्या. कुणाला तरी भरवते, कुणाचे पाय चेपते. पण ती खोली नको."

"अगं, तू आणि घाबरतेस? तुम्ही लोक तर किती खंबीर!"

"आम्ही लोक म्हणजे कोण?" लाराचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो सगळ्यांना ऐकू गेला. "माझी आई गेलीय, सिस्टर. पुढच्या शनिवारी तिला पुरायचंय. मी तिची थोरली लेक."

"मग सांगितलं का नाहीस मला?" मारिविकनं विचारलं.

"सांगितलं. सोमवारी, औषधांच्या कपाटापाशी. रजेचं विचारायलाच आले होते. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, लारा, तू खंबीर आहेस. मग फोन आला आणि तुम्ही गेलात."

खरंच की. कपाट आठवलं, फोन आठवला, आपलं वाक्यही आठवलं. आणि त्याच्या मागोमाग नको ते आठवलं. जोसेलिनची मावशी वारली तेव्हा मारिविकनं न मागता रजा दिली होती, चर्चमध्ये प्रार्थना सांगितली होती, शेवयांचा मोठा डबा घेऊन तिच्या घरी गेली होती. मावशीसाठी एवढं, आणि इथं सख्खी आई. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू खिडकीकडच्या आजोबांना भरव," ती कशीबशी म्हणाली. "केली, कोमट पाणी घे. चल माझ्याबरोबर."

केली मदतनीस, इथलीच पोरगी, तोंडाची फटकळ. खोलीत शिरल्यावर तिनं आधी खिडकी उघडली. जिवाला बाहेर जायला वाट हवी, असं इथल्या जुन्या नर्सा मानतात. मारिविकनं हातमोजे चढवले, फडकं पिळलं, आणि हात मध्येच थांबला. मेलेल्या माणसाची भीती तिला लहानपणापासून होती.

"मी पुसते," केली म्हणाली. "तुम्ही नुसता हात धरा त्यांचा. तुम्हाला या खोलीची भीती वाटते, माहितीय आम्हाला."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? कुणी गेलं की तुम्हाला नेमकी दुसरीकडं कामं निघतात! लाराला तर पहिल्यापासून ठाऊक. म्हणून तर ती कधी नाही म्हणाली नाही. म्हणायची, सिस्टरना जमत नाही ते, राहू दे, मी करते."

आपण जिला दगडाची समजलो, ती इतके दिवस आपल्यालाच जपत होती. तिनं केलीच्या हातातून फडकं घेतलं. मिसेस पार्ट्रिजचा चेहरा पुसला, मग गळा, मग एकेक बोट. या वेळी हात थांबले नाहीत. रडू मात्र मिसेस पार्ट्रिजसाठी येत नव्हतं.

बाहेर आली तेव्हा लारा आजोबांना दलियाचा शेवटचा चमचा भरवत होती. मारिविक शेजारी खुर्ची ओढून बसली.

"आजच्या विमानानं जा. तुझ्या पाळ्या मी करते. ती खोलीसुद्धा."

लारानं चमचा ठेवला. "परत आल्यावर याच वॉर्डात येईन असं नाही, सिस्टर. मी खूप दमलेय."

"नको येऊस. दुसरीकडं जायचं म्हणालीस तर मी स्वतः बोलते. आधी आईला पोहोचवून ये." मग मारिविकनं विचारलं, "काय नाव गं आईचं?"

या वॉर्डात हे कुणी विचारलं नव्हतं. लारानं दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. आजोबांनी घाबरून आपला रुमाल पुढं केला.

"अबोसेडे," ती शेवटी म्हणाली. "रविवारी जन्मलेली, म्हणून. बाजारात कापड विकायची. असली भांडकुदळ होती, सिस्टर, की गिऱ्हाईक भाव करायला घाबरायचं..."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. मारिविक जागची उठली नाही.

"मग?" ती म्हणाली.