ताईच्या वजनाचा शॉकअप

मी स्कूटरचा मागचा शॉकअप बोलतोय, खड्ड्यांचे धक्के झेलणारा. सीटखाली वाकून बघितलंत तरच दिसेन. इलेक्ट्रिक गाडी घेतली की लोक बॅटरीचं कौतुक करतात, मोटरचं करतात, आरशांचंसुद्धा करतात. माझी आठवण होते ती कंबर लचकल्यावर.

कारखान्यात एक नळी, थोडं तेल आणि वरून जाड स्प्रिंग घालून मला जन्माला घातलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग एका गॅरेजात भिंतीवरच्या खिळ्याला तीन आठवडे लटकलो. तिथे एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आला. त्याच्या गाडीची बॅटरी इतकी जड, की आधीचा शॉकअप प्रत्येक खड्ड्यात तळाला जाऊन आपटत होता.

"मागे ताई बसते," तो गॅरेजवाल्या काकांना म्हणाला. "मणक्याचं दुखणं आहे तिला. बसचे धक्के सोसत नाहीत. पण कामावर जायचंच म्हणते."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड कापायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे दुखणं वाढतच जाणार. तेव्हा तिने भावाकडे एकच गोष्ट मागितली होती, जमेल तितके दिवस मला कामावर सोड.

काकांनी मऊ स्प्रिंगवाले दोन शॉकअप बाजूला सारले आणि मला उचललं. "मऊ घेतलास तर बॅटरीच्या ओझ्याने तळाला टेकेल, आणि टेकला की धक्का थेट पाठीत. ताईंना घेऊन ये, माप घेऊ."

माप सोपं असतं. चाक अधांतरी असताना मागच्या आसापासून सीटपर्यंत टेप लावायची. मग माणसं बसवून पुन्हा लावायची. माझ्यासाठी फरक चाळीस मिलिमीटर यायला हवा. जास्त आला तर माझ्या गळ्यातली रिंग आवळायची, कमी आला तर सैल करायची.

भावाने ताईला आणलंच नाही. वाळूचं पोतं आणलं. लिफ्टची चाचणी करताना आत माणसं घालत नाहीत, वजनं ठेवतात, ती त्याच्या हाताची सवय. "तिला कशाला उठबस करायला लावू? बासष्ट किलो आहे ती." तो पुढे बसला, पोतं मागे बांधलं. काकांनी रिंग आवळली. बरोबर चाळीस.

दुसऱ्या दिवशी ताई बसली आणि मला लगेच कळलं. बाकी कशातही माझी चूक होईल, पण वजनाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. बासष्ट सोडाच, ती पन्नाससुद्धा नव्हती. मी आखडून उभा, आणि रस्त्याचा खडा न् खडा तिच्या पाठीला लागत होता.

"बाबू, जरा कडक वाटते रे."

"नवीन आहे ताई. रुळेल."

रविवारी पुन्हा पोतं, पुन्हा टेप, पुन्हा चाळीस. "माप बरोबर आहे," तो म्हणायचा, आणि त्याला हायसं वाटायचं. तिसऱ्या रविवारी काकांचा संयम सुटला.

"पोत्याची पाठ दुखत नाही रे. ताईंना बसव."

ताई बसली. टेप एकतीसवर थांबली. भावाने पोत्याचं तोंड सोडलं, मगाने वाळू उपसली, पोतं पुन्हा बांधलं, पुन्हा माप घेतलं. असं करत एकतीस आले तेव्हा बाहेर काढलेली वाळू चौदा किलो भरली. तिच्याशेजारी बसून रोज जेवणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं. तो वाळूकडे बघत उकिडवा बसून राहिला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू मला विचारलंस कुठे? पोत्याला विचारत होतास," ताई म्हणाली आणि हसली. त्याला मात्र हसू आलं नाही.

काकांनी रिंग सैल केली, माझ्या तेलाची वाट मोकळी करणारा स्क्रू दोन टिचक्या फिरवला. त्यानंतरचे तीन आठवडे मी खरंच माझं काम केलं. ताई मागे बसून गुणगुणायची. ते दिवस मला कुणी परत दिले तर मी दुसरं काही मागणार नाही.

पण ती हलकी होत गेली. दर रविवारी रिंग आणखी एक फेरा सैल, आणि एका रविवारी ती शेवटाला लागली.

"आता?" भावाने विचारलं.

"आणखी मऊ शॉकअप बॅटरीच पेलणार नाही," काका म्हणाले. "नाही रे. आता माझ्याकडे काही नाही."

त्यानंतर ताई चारच दिवस कामावर गेली. शेवटच्या दिवशी परत येताना तिने भावाचा शर्ट मुठीत धरला होता. दारात उतरून म्हणाली, "पुरे आता, बाबू."

मला वाटलं, निदान त्याला तरी सुखाने नेता येईल. पण पुढच्या रविवारी त्याने पाना घेतला आणि रिंग पार बासष्ट किलोंपर्यंत आवळली.

"अरे, एकट्याला एवढी कशाला?" काकांनी विचारलं.

"ताई बसेल ना बरी झाली की."

काका हात पुसत आत निघून गेले.

ताईची खाट खिडकीशी आहे. फाटकाच्या उंबऱ्यावरून गाडी आत येते तेव्हा मी धाडकन उडतो, ते तिला ऐकू जातं. परवा ती आतून म्हणाली, "परत आवळलीस ना? सैल कर. मी नाही बसणार आता. तुझी पाठ तरी राहू दे."

"करतो, ताई," तो म्हणाला. केलेली नाही. हल्ली सकाळी बूट घालताना तोही भिंतीला धरून वाकतो.

तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीचा असेल तर त्याला एवढं सांगा, की मला आवळून ताईचं वजन परत यायचं नाही. मीच सांगितलं असतं. पण मला फक्त धक्का देता येतो, आणि तो मी त्याला रोज देतोय.