ओले तीळ

...एक तीळ अंगठ्याला चिकटून बसला होता, ओला, झटकला तरी जाईना. बाकीचे यशश्रीने पेपरसकट गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत कोंबले होते, संक्रांतीसाठी सासूबाईंनी धुऊन हॉलमध्ये खिडकीच्या उन्हात पसरलेले सगळे तीळ, आणि गॅलरीच्या बंद दारामागे कुत्र्याचं पिल्लू, भुऱ्या, कुईं कुईं करत होता.

"मेल्या, घरात करतोस? घरात?" किती ओरडली ती त्याच्यावर. मान धरून बाहेर टाकताना आवाज जरा चढवलाच, स्वयंपाकघरापर्यंत जावा म्हणून. आणि ते पिल्लू पळालंसुद्धा नव्हतं. तिळावर मुतून शेपूट हलवत उभं होतं, बिस्किटाची वाट बघत.

बघणारच. थंडी पडल्यापासून रोज हेच तर चाललं होतं — नवरा, मयुरेश, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रावर पहिल्या पाळीला गेला, सासूबाई पूजेला बसल्या, की ती बाथरूमच्या कोपऱ्यात पेपर अंथरायची, "कर रे राजा, कर," झालं की बिस्कीट, आणि पेपर गुंडाळून कचऱ्यात. त्या धुक्यात खाली कोण उतरणार, लेक आरोही रात्री धड झोपू देत नाही, सकाळची तेवढीच काय ती गोधडीतली ऊब... मग पूजा आटोपून सासूबाई विचारायच्या, "आणलंस का गं त्याला फिरवून?" "हो आई." इतकं सहज, की तिलासुद्धा कधीकधी खरं वाटायचं, मी जाऊन आलेय, नाक गार पडलंय माझं...

आत सासूबाई फोनवर बोलत होत्या, देवळ्याला राहणाऱ्या आपल्या भावाशी. "किशोर, रविवारी येशील तेव्हा ते पिल्लू घेऊन जा बाबा. मळ्यात राहील बांधलेलं... नाही रे, नाही शिकत. यशश्री बिचारी एवढ्या गारठ्यात रोज खाली नेते, तरी आपलं घरातच!"

बिचारी.

एकच वाक्य लागणार होतं. आई, पेपरवर करायला मीच शिकवलं त्याला. वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर. पण त्याच्या मागोमाग ते सगळे 'हो आई' बाहेर आले असते, एकाला एक लागून, आणि मग कुठलं खरं नि कुठलं...

फोन ठेवून सासूबाई बाहेर आल्या. हातात त्यांची जुनी शाल. "अगं, गारठून मरेल ते. घे आत." स्वतःच गॅलरीचं दार उघडून त्यांनी भुऱ्याला शालीत गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. माहेरी फोनवर ती काय काय सांगायची, आमच्या सासूबाईंना कुत्र्याचा विटाळ, हात लावणार नाहीत... "आणि तू कशाला तोंड पाडून बसलीस? तिळाचं काय, आणू दुसरे. मुक्या जनावराला कळत नाही, त्याला तू काय करशील?"

एखादा शब्द लागट बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. धरून ठेवायला काहीतरी मिळालं असतं.

"आजी, पण भुऱ्याने पेपरवरच तर—" सोफ्यावर पाय मुडपून बसलेली आरोही म्हणाली.

यशश्रीने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

 आरोहीने स्वेटरची कॉलर हनुवटीवर ओढून घेतली.

"काय गं बाळा?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

किती सहज म्हणाली. अजून शाळेत जायला लागली नाही ही पोर, दुधाचा वास जात नाही अंगाचा, आणि... सासूबाई हसून आत वळल्या, कुकरची शिट्टी झाली, शालीतलं थरथरणं यशश्रीच्या छातीला लागत राहिलं. बोल ना गं, तिला वाटलं — आजीला हाक मार, सांग तिला, मी नाही डोळे वटारणार, बोल बाळा, माझ्याच्याने होत नाहीये... आरोही तिच्याकडे एकटक बघत होती, थोडी हसूनसुद्धा, जमलं ना मम्मा, असं विचारावं तशी.