दोन गाठींची वायर

"हे सगळं उपटून टाकू," स्टिअरिंगखालून फ्यूजकाकांचा आवाज आला. "रिमोट गेला की दिव्यांचं दुखणंही गेलं."

लेकीला नेमकं हेच ऐकायचं नव्हतं. तिच्या वडिलांनी चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, आणि त्यातली तीस वर्षं काका शेजारच्या स्टुलावर होते. बोलता बोलता भडकतात म्हणून त्यांना हे नाव पडलेलं. घरात बसून गाडी चालू करता येईल असा रिमोट स्टार्टर वडिलांनी आईच्या गाडीला बसवला, ते वारले त्याच्या तीन आठवडे आधी. थंडीत आईचे गुडघे आखडतात, तिनं उबदार गाडीत बसावं, एवढंच त्यांच्या मनात. पण तेव्हापासून इंजिन बंद केलं तरी पुढचे दिवे जळतच राहायचे आणि सकाळी बॅटरी आडवी. शेवटी शेवटी त्यांचं डोकं चालत नव्हतं, असं कुणी उघड म्हणत नव्हतं. म्हणायची गरजही नव्हती. त्यांचं शेवटचं काम उपटून फेकलं, की ते शाबीतच होणार होतं.

"काका, आधी चूक सापडू द्या. मग खुशाल उपटा."

"अगं, कसली सापडतेय! हे बघ." काकांनी वायरींचा झुबका बाहेर ओढला. प्रत्येक वायरीला, जोडाच्या अगदी जवळ, शिवणाचा पांढरा दोरा बांधलेला. कुठे एक गाठ, कुठे दोन, कुठे चार. "तुझ्या बापाचं हे दोऱ्याचं खूळ. विचारलं की म्हणायचा, वायरींना थंडी वाजते."

आई मागच्या सीटवर दार उघडं टाकून बसली होती. "त्यांना लाल-हिरवं कळायचं नाही, भावजी," ती म्हणाली.

काकांचं डोकं स्टिअरिंगवर आपटलं.

"काय म्हणालात वहिनी?"

"दोन्ही सारखंच दिसायचं. मातकट. लग्नानंतर आठवड्यातच मला कळलं. हिरवा स्वेटर मागितला, लाल आणून दिला. म्हणाले, बाहेर कळलं तर पोटावर पाय येईल. मग दोरा मीच द्यायला लागले. मीटर लावून एकेक वायर ओळखायची आणि गाठी मारायच्या. किल्लीबरोबर चालू-बंद होते तिला एक, कायम वीज असते तिला दोन. असंच पुढे. एकदा गाठी पडल्या की डोळ्यांचं काम संपलं."

"आणि रस्त्यावरचे सिग्नल?" लेकीनं विचारलं.

"वरचा पेटला की थांबायचं. त्यात काय?"

"तीस वर्षं!" काका गाडीतून बाहेर येऊन स्टुलावर टेकले. "तीस वर्षं मी म्हणतोय, लाल दे रे, हिरवी दे रे. द्यायचा! बरोबर तीच द्यायचा! ताकास तूर लागू दिली नाही गड्यानं."

लेकीला वेगळंच आठवत होतं. शाळेतली तिची चित्रं वडील किती वेळ हातात धरून बसायचे, आणि मग विचारायचे, "यातलं तुला सगळ्यात जास्त काय आवडलं, सांग बरं." ती सांगत सुटायची. ते ऐकत राहायचे.

ती स्टिअरिंगखाली वाकली. आत अंधार होता. तिनं डोळे मिटले आणि बोटं एकेका दोऱ्यावरून फिरवली. जोड आला की अलीकडे गाठी, पलीकडे तितक्याच गाठी. तीन, तीन. एक, एक. चार, चार. मग एका ठिकाणी ती थांबली. पुन्हा चाचपलं.

"काका, इथं एक गाठ दोन गाठींना जोडलीय."

काकांनी मीटर लावला. दिवे चालू-बंद करणाऱ्या रिलेची एका गाठीची वायर कायम वीज असलेल्या वायरीला गेली होती. "म्हणून! गाडी बंद झाली हे दिव्यांपर्यंत पोचतच नाही." त्यांनी मग बाकीचे सगळे जोड तपासले. सत्तावीस होते. सव्वीस बरोबर.

"हे कसं चुकलं याच्याकडून?"

"बोटं बधिर झाली होती ना त्यांची," आई म्हणाली. "औषधांनी. शर्टाची बटणंसुद्धा मीच लावायचे."

काकांच्या हातातला मीटर तसाच राहिला. "मग सव्वीस बरोबर कसे आले?"

आई आठवत म्हणाली, "गॅरेजमध्ये मी चहा घेऊन जायचे, तर वायर तोंडाशी धरलेली असायची. मला वाटायचं, दाताने दोरा तोडतायत. तोडत नव्हते. ओठांनी गाठी मोजत होते."

बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. काका मान वळवून एकेक गाडी बघत राहिले, जणू प्रत्येकीच्या पोटात हात घालून गाठी चाचपाव्यात असं त्यांना वाटत होतं.

मग त्यांनी वायर कापून पकड लेकीच्या हातात दिली. "तू जोड, पोरी. चूक तू शोधलीस."

तिनं एका गाठीला एक गाठ जोडली, वर टेप गुंडाळला. आईनं रिमोट दाबला. इंजिन घुमलं, दिव्यांनी समोरची भिंत उजळली. आईनं पुन्हा दाबला. इंजिन थांबलं, आणि त्याच क्षणी भिंत विझली.

"परत दाबा, वहिनी," काका हळूच म्हणाले.