उन्हात वाळत घातलेला तंबू

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे, आणि खरं सांगायचं तर आता मला उभं राहायचाही कंटाळा येतो. तुम्ही आलाच आहात, म्हणून थोडं बोलतो.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत ताडपत्र्या शिवणारा एक कारखाना होता. तिथे कामाला असलेल्या चंद्रप्रकाशने मला स्वतःच्या हाताने शिवलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याने मला स्कूटरला बांधलं, नलिनीला मागे बसवलं आणि बोटीने खाडी ओलांडून गोराई गाठली. पुढे दर हिवाळ्याचा तोच नेम झाला. ओळखीच्या वाडीत माडांखाली तो खुंट्या ठोकायचा, ती मधला खांब धरायची आणि दोघं भांडायची.

"अहो, सरळ ठोका ना!"

"आधी तू सरळ धर गं!"

त्यांचं भांडण मिटेपर्यंत मी उभा राहिलेला असायचो. त्यांचा हर्षद माझ्याच आडोशाला रांगायला शिकला. खारा वारा, वाळू, सांडलेला चहा, सगळं मी निमूट सोसलं. येणारे-जाणारे "झकास तंबू आहे!" म्हणायचे, तेव्हा मीही थोडा ताठ व्हायचो.

मग नलिनीचे गुडघे गेले. वाकून माझ्यात शिरणं आणि जमिनीवरून उठणं तिला जमेना. ती नाही म्हणून तोही जाईना. शेवटच्या खेपेला घाईघाईत मला ओलाच गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं, मी तसाच पडून राहिलो. अंगाला बुरशी धरली, शिवणी उसवल्या. सुरुवातीला वाट पाहिली, नंतर तेही सोडून दिलं.

यंदा हर्षदने आईसाठी कॅराव्हॅन भाड्याने आणली. चाकांवरचं घरच ते! मला खाली काढून तो म्हणाला, "बाबा, याची पार वाट लागलीय. आल्यावर कापून बाईकला कव्हर करू."

"बघू. आत्ता घेऊ बरोबर," चंद्रप्रकाश एवढंच म्हणाला.

कॅराव्हॅन काही बोटीत मावेना, म्हणून भाईंदरवरून लांबचा वळसा पडला. मी मनातल्या मनात नाक मुरडत होतो. पण वाडीत पोचल्यावर नलिनी आतल्या गादीवर आडवी झाली आणि म्हणाली, "आई गं, काय बरं वाटलं!" इतक्या वर्षांत माझ्या पोटात झोपून ती असं कधीच म्हणाली नव्हती. मला हेवा वाटला आणि लाजही वाटली. आत पंखा होता, दिवा होता, संडासही होता. कुणाला कुणासाठी काही धरायला लागत नव्हतं. हर्षद एका कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता.

उन्हं कलली तेव्हा चंद्रप्रकाशने मला बाहेर काढलं आणि एकटाच खुंट्या ठोकू लागला. इकडे खुंटी बसली की तिकडे खांब आडवा. थकलेलं माझं अंग पुन्हा पुन्हा वाळूत कोसळत होतं. मला वाटलं, पुरे आता, कापा एकदाचं!

तेवढ्यात कॅराव्हॅनचं दार उघडलं. दांडीला धरून एकेक पायरी उतरत नलिनी आली.

"सरका. खांब मी धरते."

"अगं, गुडघे तुझे..."

"झोपणार मी गादीवरच. पण खांब मीच धरणार. आणि अहो, सरळ ठोका ना!"

हर्षद हसत बाहेर आला आणि त्याने माझी दोरी ताणून धरली. किती वर्षांनी मी उभा राहिलो! त्या रात्री चंद्रप्रकाश माझ्यात झोपला आणि नलिनी गादीवर.

सकाळी मी दवाने चिंब होतो. हर्षद मला तसाच गुंडाळू लागला.

"आधी वाळव," नलिनी म्हणाली.

"आई, कापायचाच आहे ना?"

"पुढच्या हिवाळ्यात बाबा काय कुबट वासात झोपणार? निघायची घाई असेल, तर घरी गेल्यावर वाळव."

मित्रांनो, म्हणून आज मी चारकोपला आमच्या घराच्या गच्चीवर, कठड्यावर पसरलेला आहे. फार दमलोय. तुमच्या घरी कुणी जुनं असेल, तर त्याचं कौतुक नाही केलंत तरी चालेल. फक्त ओलं असताना त्याला गुंडाळून ठेवू नका. कात्रीखाली जायची वस्तू कुणी उन्हात घालत नाही, एवढं मला कळतं.